करंगळीला लावलेलं तेल

बाबा, आज दुपारी इंझोरीच्या एका माणसाने माझ्या टेबलावर मांजरीची शी आणून ठेवली. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली, आणि तिला खेटून पेढ्यांचा पुडा. दोन्ही जिन्नस त्याने एकाच पिशवीतून काढले. "अवो म्याडम, खोलून तं पाहा. आपल्या आपण केली तिनं. कोनं हात नाही लावला," असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला, घरी नातू झाल्यासारख्या तोंडाने. बाहेर बाकड्यावर बकरी घेऊन बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला, कुत्र्याचा पट्टा धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मी पुडी सोडली. सोडावीच लागते, त्यात बघण्यासारखं असतं. चपटी आहे की गोल, जाडी किती, रक्ताची रेघ आहे का. चांगली होती. गोल, करंगळीहून जाड, ओलसर. श्वास रोखून मी पुडी पुन्हा बांधायला घेतली. तेवढ्यात तो माणूस बाकड्याकडे वळून म्हणाला, "म्याडमच्या हाताले गुण आहे." त्या पुडीची आली नाही एवढी किळस मला त्या वाक्याची आली, बाबा. ते वाक्य तुमचं आहे. माझ्याबद्दल ते पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, आणि ते खोटं होतं.

तुम्ही माझा दवाखाना पाहिला नाही. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा तुम्ही गेलात, म्हणून आधी तो सांगते. वाशीमला एक गाळा आहे. पुढे शटर, मग बाकडं, आत लोखंडी टेबल आणि त्यावर दिवा, कोपऱ्यात जुनं एक्स-रे मशीन. तुमच्या वेळी ढोरांचा दवाखाना म्हणजे बैल, म्हैस, फार तर शेळी. आता लोक कुत्री आणतात, पोपट आणतात, आणि मांजरी आणतात. आपल्या लाडक्या जनावराला मिठी मारून आणतात आणि त्याची घाण मात्र माझ्याकडे सोपवून बाजूला होतात. कुत्र्याने माझ्या टेबलावर ओकारी केली की मालक खिशातला फोन काढून त्यात बघायला लागतो. एका बाईने मला सरळ विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही ना आता? सवय झाली असेल." मी मान हलवली. लोकांना सवय झालेला डॉक्टर आवडतो.

हा इंझोरीचा माणूस होळीच्या आसपास पहिल्यांदा आला. साठीच्या आतबाहेरचा, शेतकरी, एकटाच राहणारा, पोरं पुण्याकडे. टोमॅटोचं क्रेट, त्यावर दुसरं क्रेट उलटं बांधलेलं, आत पिवळी-पांढरी मांजर. बसने आला होता, आणि मांजर वास मारत होती म्हणून कंडक्टरने त्याला शेवटच्या सीटवर बसवलं होतं. सोयाबीन काढायच्या दिवसांत ती ट्रॉलीच्या चाकाखाली आली. मेली नाही. टिनाच्या शेडमध्ये पोत्यांच्या मागे तीन आठवडे पडून राहिली, हा तिथेच भाकरी-दूध सरकवत राहिला, आणि ती एक दिवस लंगडत उठली. "हाडं जुळली ना म्याडम, आपोआप. दवा नाही न् पट्टी नाही," हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. जुळली होती खरी. कशी जुळली होती ते कोणी बघितलं नव्हतं. आता दहा दिवस तिला शी झाली नव्हती. पोट हाताला दगड लागावं तसं. मी ग्लानीचं इंजेक्शन देऊन बोट घातलं, तर आधी बोटाला लागला विड्याच्या पानाचा देठ. एरंडेलात बुडवलेला, अर्धा कुजलेला. तो बाहेर काढला तेव्हा जो वास सुटला तो मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी त्याला झापलं. अक्कल कुठे चरायला पाठवली होती का, असंच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "लेकराले करतोच ना आपण, पोट साफ होत नसलं तं. देठ लावला का झालं. मंग इले काहून नाही?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तो ते ऐकायला थांबला नाही, क्रेटमधलं पोतं बदलत बसला. मग मी त्याला एक्स-रे दाखवला. कमरेची हाडं मिळून एक कडं होतं, त्या कड्यातून मोठं आतडं बाहेर येतं. हिचं कडं चाकाने मोडलं आणि मोडल्या जागीच, आत दबलेलं, तसंच जुळलं. गाडीरस्ता होता तिथे अरुंद पांदण झाली. धड मांजरीत माझी करंगळी आरामात जाते, हिच्यात पहिल्या पेरालाच अडली. मी म्हणाले, दोनच रस्ते आहेत काका. एक तर ऑपरेशन करून हे कडं रुंद करायचं. नाही तर इंजेक्शन देऊन तिला शांत झोपवायचं. रोज मरण्यापेक्षा बरं. तो दोन्हीला नाही म्हणाला. चिरफाड नको, आणि मारणं तर अजिबात नको. "मांजर मारली तं सोन्याची मांजर करून काशीले नेऊन द्या लागते. माह्यापाशी सोनंही नाही न् काशीही नाही. तुमी आपली ते रिकामी करून द्या, म्याडम. मी आणत जाईन." आणि तो आणत गेला. दर शनिवारी.

तुम्ही ओळखलं असेल. शनिवार त्याचा, तुमचा बुधवार.

किन्हीराजाचं आपलं घर, मागच्या अंगणात न्हाणीचा दगड, बुधवारची संध्याकाळ. तुम्ही दवाखान्यातून येता, सदरा काढून खुंटीला लावता, आणि घमेलं, एरंडेलाची बाटली, साबणाचं कोमट पाणी घेऊन दगडापाशी बसता. साबणाच्या पाण्याचा एनिमा मांजरीला देऊ नये, हे मला नंतर पुस्तकात कळलं. तेव्हा कोणाला ठाऊक होतं. ती तपकिरी मांजर दवाखान्याच्या चाऱ्याच्या खोलीतली, जीपच्या चाकाखाली आलेली. तिलाही तुम्ही धान्याच्या पेटीत ठेवून बरी केली होती, आणि सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की हाडं आपोआप जुळली. आई गोणपाटात गुंडाळून तिचं डोकं धरायची. तुम्ही उघड्या बोटांनी, हातमोजा नाही काही नाही, एक एक खडा काढून घमेल्यात टाकायचे. टिण, टिण आवाज यायचा. तो आवाज आणि वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि मी नाकाशी फ्रॉक धरून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग तुम्ही राखेने हात धुवायचे, मग साबणाने, मग लिंबाच्या सालीने. आई तरी म्हणायचीच, "हात धुतल्याबिगर चुलीपाशी येऊ नोका." आणि तुम्ही चुलीपाशी येऊन भाकर मोडायचे आणि पहिला तुकडा मला द्यायचे.

तो तुकडा मी कधी खाल्ला नाही. मुठीत धरायचे, तुमची नजर वळली की मागच्या दाराने कोंबड्यांना टाकायचे. एक दिवस तुम्ही बघितलं. मारलं नाही, ओरडला नाहीत. म्हणालात, "घाण वाटते? घाण पोटात असते तवा कोनाले वाटत नाही. भाईर आली का वाटते." मी खाली मान घातली आणि मनात म्हणाले, तुम्हालाही वाटली पाहिजे. इतर बापांना वाटते. शाळेत पोरी मला म्हणायच्या, हिचा बाप ढोराच्या दवाखान्यात शिपाई, मांजरीची हागणदारी काढते. त्यातल्या एकीने तर आजोबांपर्यंत नेलं, मेलेली ढोरं ओढणारे तेच हे, म्हणून. मी घरी येऊन रडत सांगितलं तेव्हा तुम्ही आधी हसलात आणि मग तुमचा आवाज जड झाला. "माह्या बापानं मेलेलं ढोर वढनं सोडलं, छपन्न साली, सगळ्यांसंगं. मी जित्या ढोराची सेवा करून राह्यलो, सरकारी पगारावर. त्या पोरीले सांग हा फरक." मी सांगितला नाही. मला फरक कळला होता, पण मला वास पण येत होता.

आणि आता मोठी झाल्यावर, चार पुस्तकं वाचून, मला तुमचा रागही आला आहे. तुमच्या डॉक्टरसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, ही बरी होणार नाही, सुई देऊन टाकू. तुम्ही हात जोडून म्हणालात, साहेब, पंचशीलात पहिलं तेच आहे, हत्या नाही करायची. देव सोडले, उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले, आणि मांजर मारू नये हे जुनं भय मात्र पंचशीलाच्या पदराखाली लपवून जपलंत. अडीच वर्षं तिला दर बुधवारी दगडावर पालथी पाडून रिकामी केली. ती रडायची बाबा. त्या रडण्याला तुम्ही दया म्हणायचे. इंझोरीचा माणूस काशी म्हणतो. मी काय म्हणत होते सांगू? मी "केस" म्हणत होते. होळीपासून पेरण्या होईपर्यंत, चार महिने, मी त्याची मांजर दर शनिवारी रिकामी करून दिली. मला ठाऊक होतं की शी अडायला लागल्यापासून अर्ध्या वर्षाच्या आत कडं रुंद केलं तर आतडं सावरतं, त्याच्यापुढे गेलं तर ते ताणून ताणून जुन्या मोज्यासारखं सैल पडतं आणि मग वाट मोकळी करूनही उपयोग नसतो. हे मी त्याला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा जोर लावला नाही. कारण तो नाही म्हणाला की मला सुटल्यासारखं व्हायचं. असं ऑपरेशन मी स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं. रिकामी करणं मला येत होतं. लोकही म्हणायचे, बघा, मॅडम किती करतात त्या मांजरीचं.

आता तो बुधवार. दोन बुधवार.

त्या वर्षी दसऱ्याला तुम्ही दीक्षाभूमीला गेलात आणि तिथून तसेच पुढे आत्याकडे, तिच्या घराचं छप्पर घालून द्यायला. रजा टाकून बारा दिवस. जाताना मला न्हाणीपाशी बसवलंत आणि दोनदा करून दाखवलंत. "तुह्या मायची बोटं जाड हायेत, खुरपून भेगा पडल्या. तुही करंगळी बारीक हाये. तेल लाव, हळूच घाल, ओढू नोको, फिरवून काढ. भेशील तं नाही?" मी म्हणाले नाही. बारा वर्षांची होते. बुधवारी संध्याकाळी आई शेतातून यायच्या आधी मी घमेलं घेतलं, पाणी घेतलं, मांजर गोणपाटात घेतली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्या शेपटीकडे. करंगळीला तेल लावलं. शेपटी वर केली आणि तो वास आला, आणि माझा हात पुढे गेला नाही. गेलाच नाही बाबा. मी साबणाचं पाणी मोरीत ओतलं, घमेल्याला थोडं पाणी लावलं आणि मांजर सोडून दिली. आई आली तेव्हा म्हणाले, केलं. आईने माझा हात हुंगला, एरंडेलाचा वास आला, तिचा विश्वास बसला. पुढच्या बुधवारी तर मी पाणीही तापवलं नाही. नुसतं करंगळीला तेल लावलं आणि आई येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.

मांजरीने खाणं सोडलं, पित्त ओकली, चुलीमागे जाऊन पडली. आई म्हणायची, बाबा येऊ दे. तुम्ही आलात त्या सकाळी ती मेलेली सापडली होती. आईने टोपलीत ठेवली होती, वर फडकं. शेजारची मावशी येऊन उभी होती. तुम्ही पिशवी खाली ठेवली, चप्पलही न काढता टोपलीपाशी बसलात आणि फडक्याखाली हात घातलात. हात बराच वेळ तसाच राहिला. मग तुम्ही उठलात आणि मावशीला म्हणालात, "पोरीनं केलं बराबर. हिच्या हाताले गुण आहे. मांजरीचीच येळ भरली व्हती." मला काही विचारलंच नाहीत. त्या दिवसानंतर ते वाक्य गावभर फिरलं. कोणाची शेळी अडली तर माणूस तुम्हाला सोडून मला बोलवायला यायला लागला. मी बारावीला असताना तुम्ही मास्तरांना तेच सांगितलंत, हिच्या हाताले गुण आहे, हिले ढोराची डॉक्टर करा. कॉलेजला निघाले तेव्हा इतर पोरांच्या बापांनी घड्याळं दिली, तुम्ही मला साखळीवालं नेलकटर दिलंत. "नखं वाढू देऊ नोको. नखानं आतडं फाटते." ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. माझी सगळी डॉक्टरकी त्या टोपलीपाशी उभी राहिलेली आहे, आणि आजपर्यंत मला वाटत होतं की तुम्हाला फसवून मी ती मिळवली.

आता हे ऐका, कारण मी तेच पुन्हा केलं. आषाढातला एक शनिवार. दुपारपर्यंत एका म्हशीची व्यायल्यावर अडकून सडलेली वार काढून आले होते, दोन आंघोळी करूनही खांद्यापर्यंत वास होता. चारच्या सुमाराला रस्त्यावरून क्रेट घेऊन येताना तो दिसला, आणि माझ्या अंगावर शिसारी आली. त्याची, मांजरीची, माझ्या हातांची. मी उठले, खाली वीतभर फट राहील इतकं शटर ओढलं, दिवा मालवला आणि शटरच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले. श्वास धरून. तो आला, थांबला. शटर वाजवलं नाही. क्रेटमध्ये बोलल्याचं ऐकू आलं, "चाल माय, म्याडम नाहीत आज. उद्या येऊ." मांजर डोळे मिटून दूध पिते आणि तिला वाटतं जग आंधळं आहे. मी अशी उभी होते. तो गेला तरी पाच मिनिटं हलले नाही.

रविवारी सकाळी तो परत आला तेव्हा मांजर पित्त ओकत होती, डोळे खोल गेलेले, चुलीमागे पडलेल्या मांजरीचे होते तसेच. मी त्याला म्हणाले, काका, आज एक तर मी ऑपरेशन करते, नाही तर तुम्ही हिला घेऊन दुसरीकडे जा. मी ही रिकामी करणार नाही. आजही नाही, पुढच्या शनिवारीही नाही. माझा आवाज चढला होता. तो क्रेटच्या काठावरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "मेली तं?" मी म्हणाले, मेली तर माझ्या हातून मेली. काशी माझ्या डोक्यावर. सोन्याचं मी बघून घेईन. तो थोडं हसला आणि म्हणाला, "मंग करा." सलाईन लावून तिला दोन दिवस सावरली, मालेगावहून माझी एक डॉक्टर मैत्रीण भूल द्यायला आली, हाडाच्या डॉक्टरकडून मी हाडात भरायचं सिमेंट मागून आणलं, आणि मंगळवारी दुपारी टेबलावर तिला उताणी बांधली.

तुम्हाला कळेल असं सांगते. पोटाच्या खाली, मागच्या दोन पायांच्या मधोमध चीर घ्यायची. तिथे कमरेच्या कड्याचे दोन अर्धे एकमेकांना भिडतात. तो सांधा बरोबर मधून फोडायचा, फळी फाडतात तसा. खाली लगेच लघवीची नळी असते, तिला नख लागलं तरी सगळं मातीत. मग दोन्ही बाजू हळूहळू उघडायच्या, आणि उघडलेल्या फटीत सिमेंटचा छोटा ठोकळा, सुपारीच्या खांडाएवढा, बसवून दोन्हीकडून बारीक तारेने आवळायचा. म्हणजे कडं परत मिटणार नाही. सांगायला चार वाक्यं, करायला अडीच तास. एकदा तार हाडातून निसटली, एकदा मैत्रीण म्हणाली, श्वास मंद होतोय, लवकर कर. आत आतडं हाताला लागलं, फुगलेलं, काळपट, आणि मला खरंच वाटलं की मी उशीर केला. टाके घालायच्या आधी मी हातमोजा बदलला, करंगळीला तेल लावलं आणि मागून घातली. पहिलं पेर गेलं. दुसरं गेलं. मुळापर्यंत गेली. सिमेंटची कड बोटाला बाहेरून जाणवत होती. मैत्रीण म्हणाली, रडतेस काय, नाकातलं टेबलावर पडेल. वास तोच होता.

मग आठ दिवस वाट बघायची. वाट रुंद झाली म्हणून आतडं चालेलच असं नसतं. तो मांजरीला घेऊन गेला. रोज फोन करायचा. "नाही म्याडम. अजून नाही." पाचव्या दिवशी मी स्वतः इंझोरीला जाऊन आले, पोट दाबून पाहिलं. सहाव्या दिवशी रात्रभर मी पुस्तकातली, आतडं कापून जोडायच्या ऑपरेशनची पानं उलटत होते. आणि आज नववा दिवस. आज ती पुडी.

ते वाक्य तो म्हणाला आणि मला राहवलं नाही. बाकड्यावरची माणसं गेल्यावर मी त्याला म्हणाले, काका, गुण-बिण काही नाही. त्या शनिवारी मी आत होते. शटर ओढून उभी होते. तुमची मांजर मला नको झाली होती, म्हणून मी तुम्हाला परत पाठवलं. तो पिशवीची घडी करत होता. वर न बघताच म्हणाला, "मले मालूम आहे ना. शटरच्या खालून तुमच्या चपला दिसत होत्या." मी विचारलं, मग वाजवलं का नाही? "काहून वाजवू? म्हटलं थकल्या असतीन. आपल्याले बी कधी कधी जनावराचा वीट येते. उद्या येऊ म्हटलं." एवढं बोलून त्याने पेढ्यांच्या पुड्यातला एक पेढा, त्याच बोटांनी, माझ्या हातावर ठेवला आणि बस गाठायला निघून गेला.

मी तिथेच बसले. बाबा, गेली वीस वर्षं मी जनावरांची पोटं दाबते आहे. दोन आठवडे साचलेलं पोट कातडीवरून, कपड्यावरून, आंधळ्यालाही कळतं. मेल्यावर तर जास्तच कळतं. दगड भरलेली पिशवी असते ती. तुमचा हात त्या फडक्याखाली किती वेळ होता, आणि तुम्ही, जे चाऱ्याची पेंढी कमी झाली तरी चार प्रश्न विचारायचे, तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत. हे माझ्यासारख्या डॉक्टरीणबाईला आज कळावं, तेही मांजरीची शी टेबलावर असताना. तुम्हाला हात लावताक्षणी कळलं होतं. तरी तुम्ही मावशीसमोर तसं बोललात, आणि पुढे गावभर बोलत राहिलात, मला डॉक्टर केलंत. मला याचं बरं वाटायला हवं असेल. नाही वाटत. मला चीड येते. एक थोबाडीत मारली असती तर ते त्याच दिवशी संपलं असतं. तुमच्या चांगुलपणाने ते इतकी वर्षं माझ्या आत साचवून ठेवलं, आणि तुम्हीच म्हणायचे, पोटात असते तेव्हा कोणाला वाटत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मांजरीच्या एक्स-रेच्या पाकिटात ठेवते आहे. कडं अरुंद होतं तेव्हाचा एक एक्स-रे आणि रुंद झाल्यावरचा एक, त्या दोघांच्या मधे. पुढच्या शनिवारी तो टाके काढायला येणार आहे, आणि शटर पूर्ण वर असेल, एवढं माझ्या हातात आहे. एक सांगायचं राहिलं. लोकांना वाटतं मला सवय झाली. नाही झाली बाबा, एक दिवसही नाही. त्याने दिलेला पेढा मी ड्रॉवरमध्ये तुमच्या नेलकटरजवळ ठेवला होता. मागच्या दाराने टाकावा तर इथे कोंबड्या नाहीत. आत्ता, हे लिहिताना, मी तो खाल्ला. नाक दाबून खाल्ला.